घड्याळ कोणत्या गांवचें ?



"किती वाजले ?" ह्या प्रश्नाइतका साधा प्रश्न व्यवहारांत दुसरा नसेल. परंतु १९०६ सालच्या मुंबईंत तोच प्रश्न कोणी केला, तर उत्तर देणारास आधीं उलट विचारावें लागे, "कोणत्या घड्याळानें ?" आगगाडीच्या घड्याळांत सकाळचे सहा वाजलेले असत, त्याच क्षणीं शहरांतील दुसऱ्या घड्याळांत पांच वाजून एकवीस मिनिटें झालेलीं असत, आणि दोन्ही घड्याळें बरोबर असत. ह्या दोन बरोबर घड्याळांच्या भांडणाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तें भांडण मुंबईंत सुरू झालें नाहीं आणि मुंबईंत संपलेंही नाहीं. आज तें संगणकाच्या पडद्यावर चालू आहे. आपल्या घरांतील तरुण मुलें-मुली रात्रपाळीला बसून ज्या आलेखांवर नजर ठेवतात, त्या आलेखांच्या लेबलावर वेळ कोणत्या गांवची लिहावी, असा आतां त्या भांडणाचा विषय आहे.

प्रथम मूळ अडचण पाहूं. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोंवतीं एक फेरा करते. म्हणजे तासाला पंधरा अंश आणि चार मिनिटांना एक अंश. शाळेंत भूगोलाच्या तासाला हें गणित मीं अनेक वर्षें मुलांकडून करून घेतलें. मुंबईचे रेखांश सुमारें ७२ अंश ५० कला, मद्रासचे ८० अंश १५ कला आणि कलकत्त्याचे ८८ अंश २० कला. ह्या हिशेबानें ग्रीनिचच्या घड्याळाहून मुंबईचें घड्याळ ४ तास ५१ मिनिटें, मद्रासचें ५ तास २१ मिनिटें आणि कलकत्त्याचें ५ तास ५३ मिनिटें पुढें. मुंबईस दुपारचे बारा वाजतात, तेव्हां कलकत्त्यास एक वाजून दोन मिनिटें झालेलीं असतात.

माणूस पायीं, घोड्यावर किंवा बैलगाडींतून प्रवास करीत होता तोंवर ह्या फरकामुळें कोणाचें कांहीं अडलें नाहीं. प्रत्येक गांवचा सूर्य त्या गांवापुरता बरोबर होता. आपल्या पंचांगकर्त्यांना मात्र ही गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती. पंचांग कोणत्या गांवच्या अक्षांश-रेखांशांवरून केलें आहे, हें ते त्यावर लिहून ठेवीत, आणि दुसऱ्या गांवच्या लोकांनीं किती पळें मिळवावयाचीं किंवा वजा करावयाचीं तेंही सांगत. नुसता आंकडा देऊन गांव न सांगणें, हें त्यांच्या शास्त्रांत बसत नव्हतें. ही शिस्त ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गरज लागेल.

अडचण आली ती आगगाडी आणि तारायंत्र यांच्याबरोबर. विलायतेंत ती आधीं आली. ब्रिस्टल शहर लंडनच्या पश्चिमेस असल्यामुळें तेथील वेळ लंडनच्या दहा मिनिटें मागें. रेल्वे कंपनीनें १८४० च्या सुमारास आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ चालूं केली. शहर मात्र आपल्याच वेळेनें चाललें होतें. यावर तेथील धान्यबाजाराच्या इमारतीवरील घड्याळाला मिनिटांचे दोन कांटे बसविण्यांत आले, एक ब्रिस्टलचा व एक लंडनचा. तें घड्याळ आजही पाहावयास मिळतें. दोन कांट्यांची ही युक्ति हास्यास्पद वाटेल. पण ती प्रामाणिक होती. पाहणारास दोन्ही वेळा दिसत, आणि कोणती कोणाची हेंही कळे.

जेथें असा प्रामाणिकपणा नव्हता तेथें काय झालें, तें पाहा. १८५८ सालीं डॉर्चेस्टर येथील न्यायालयांत एका जमिनीचा दावा सकाळीं दहा वाजतां पुकारला गेला. प्रतिवादीचे वकील हजर नव्हते, म्हणून निकाल वादीसारखा झाला. कांहीं मिनिटांनीं ते वकील आले आणि म्हणाले कीं, गांवच्या घड्याळांत अजून दहा वाजावयाचे आहेत. न्यायालयांतील घड्याळ ग्रीनिचच्या वेळेनें लावलेलें होतें. वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला तो असा कीं, डॉर्चेस्टरला 'दहा' म्हणजे डॉर्चेस्टरचे दहा, ग्रीनिचचे नव्हेत. प्रतिवादीचा मनुष्य उशिरां आला नव्हता. हुकुमांतील 'दहा' ह्या आंकड्याला गांवाचें नांव नव्हतें, एवढाच दोष. पुढें १८८० सालीं पार्लमेंटनें कायदा करून सर्व ग्रेट ब्रिटनला ग्रीनिचची वेळ लावून दिली, तेव्हां तेथील वाद मिटला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. पुढें रुळ वाढत गेले, आणि मुंबईची गाडी मुंबईच्या वेळेनें व कलकत्त्याची कलकत्त्याच्या वेळेनें चालविणें अशक्य झालें. १८७० च्या सुमारास रेल्वेनें मद्रासची वेळ पत्करली. मद्रास दोहोंच्या मधोमध. शिवाय तेथें जुनी वेधशाळा होती व तेथून तारेनें वेळ कळवितां येत असे. आगगाडीपुरतें हें कोणास खटकलें नाहीं. परंतु १८८१ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावण्याचा हुकूम काढला, तेव्हां शहरांत मोठी नाराजी पसरली. राजाबाई मनोऱ्यावरील विद्यापीठाचें घड्याळही ह्या वादांत ओढलें गेलें. अखेर १८८३ सालीं सरकारनें आपला आग्रह सोडला.

त्यानंतर वर्षभरांतच, १८८४ च्या ऑक्टोबर महिन्यांत, वॉशिंग्टन येथें पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले आणि रेखांश मोजण्याचा आरंभ ग्रीनिचपासून करावा असें त्यांनीं बहुमतानें ठरविलें. फ्रान्स व ब्राझील हे देश मतदानांत तटस्थ राहिले. फ्रान्सचा मानीपणा येथेंच थांबला नाहीं. १९११ सालीं त्या देशानें ग्रीनिचची वेळ कायद्यानें स्वीकारली खरी, पण कायद्यांत 'ग्रीनिच' हा शब्द येऊं दिला नाहीं. 'पॅरिसची वेळ, नऊ मिनिटें एकवीस सेकंद मागें सारलेली' असें तिचें वर्णन केलें. आंकडा ग्रीनिचचा, नांव पॅरिसचें ! वेळेच्या नांवाविषयीं राष्ट्रें किती हळवीं असतात, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

हिंदुस्थानांत १ जानेवारी १९०६ रोजीं ग्रीनिचहून साडेपांच तास पुढें असलेली स्टँडर्ड वेळ सुरू झाली. मुंबईला ती ३९ मिनिटें पुढें पडे, कलकत्त्याला सुमारें २३ मिनिटें मागें. आदल्याच वर्षीं बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ जोरांत. सरकारनें वरून लादलेल्या कोणत्याही गोष्टीकडे लोक संशयानें पाहत होते. गिरणीकामगारांची तक्रार तर अगदीं रोकडी होती. भोंगा सहाला वाजला, तरी सूर्याच्या हिशेबानें तो पांच-एकविसालाच वाजणार. म्हणजे रोज पाऊण तास आधीं अंधारांत उठावयाचें. त्या जानेवारींतच मुंबईच्या एका गिरणींतील मजूर ह्याविरुद्ध उठले. सरकारी कचेऱ्या, रेल्वे व तारखातें यांनीं नवी वेळ घेतली. मुंबईच्या नगरपालिकेनें आपली जुनी वेळ सोडली नाहीं. कलकत्त्याची स्थानिक वेळ १९४८ पर्यंत टिकली, आणि 'मुंबई टाईम' स्वातंत्र्यानंतरही कांहीं वर्षें जीव धरून होता.

ह्या चार-पांच दशकांत लोकांनीं व्यवहार कसा केला, हें पाहण्यासारखें आहे. जुन्या मराठी निमंत्रणपत्रिका कोणाच्या पेटींत असल्या तर काढून पाहाव्या. वेळेच्या आंकड्यापुढें 'स्टँ. टा.' अशीं दोन अक्षरें छापलेलीं आढळतील. मुहूर्त चुकूं नये, वऱ्हाडी पाऊण तास आधीं किंवा उशिरां येऊं नयेत, म्हणून यजमानानें घड्याळाचें नांव लिहून टाकलें. सरकार व शहर यांचें जें जमलें नाहीं, तें लग्नघरानें चार पैशांच्या शाईंत जमविलें. वेळेचा आंकडा आणि घड्याळाचें नांव मिळूनच वेळ पुरी होते, हें सामान्य माणसाला पटलेलें होतें.

नांव नसलेल्या वेळेमुळें किती गंभीर घोटाळा होऊं शकतो, ह्याचें उदाहरण समुद्रावर घडलें. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं टायटॅनिक जहाज बर्फाच्या पर्वतावर आदळलें व पहाटेच्या सुमारास बुडालें. दीड हजारांवर माणसें मेलीं. जहाजाचें घड्याळ जहाज जसजसें पश्चिमेस जाईल तसतसें मागें केलें जाई. उलट, त्या भागांतील बिनतारी यंत्रांवर काम करणारे न्यूयॉर्कच्या वेळेनें नोंदी करीत. टायटॅनिकची मदतीची पहिली हांक इतरांनीं ऐकली ती न्यूयॉर्कच्या रात्रीं १०-२५ वाजतां. ह्या नोंदीविषयीं वाद नव्हता. कारण तिला नांव होतें. परंतु जहाजाचें घड्याळ न्यूयॉर्कच्या किती पुढें होतें ? अमेरिकन सिनेटच्या चौकशीनें तो फरक १ तास ३३ मिनिटें धरला, ब्रिटिश चौकशीनें १ तास ५० मिनिटें.

आतां परिणाम पाहा. अमेरिकन अहवालाप्रमाणें जहाज ११-४६ ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या १०-१३ ला आदळलें. मग मदतीची हांक बारा मिनिटांत गेली. ब्रिटिश अहवालाप्रमाणें जहाज ११-४० ला आदळलें व हांक १२-१५ ला गेली. म्हणजे मध्यें पस्तीस मिनिटें गेलीं. एकच जहाज, एकच रात्र, एकच हांक. पण एका हिशेबानें कप्तान तत्पर ठरतो, दुसऱ्यानें मंद. जो मनुष्य स्वतःची बाजू मांडावयास जिवंत राहिला नाहीं, त्याची अब्रू दोन घड्याळांमधील एका वजाबाकीवर अवलंबून राहिली.

घड्याळाला जागेचें नांव असलें, तरी तें नांव काळाप्रमाणें तपासावें लागतें, ही आणखी एक गोष्ट आपल्या देशाला युद्धानें शिकविली. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत हिंदुस्थानची स्टँडर्ड वेळ एक तास पुढें नेलेली होती. म्हणजे ग्रीनिचहून साडेसहा तास पुढें. १९४३ सालच्या एखाद्या नोंदींत 'सकाळीं सात, स्टँडर्ड टाईम' असें असेल, तर ते आजच्या मानानें सहा होत. नांव तेंच, अर्थ वेगळा.

आतां संगणकाकडे येऊं. आणि येथें आजचा खरा प्रश्न आहे.

संगणकाला उजाडतें-मावळतें असें कांहीं नसतें. आज जगांतील बहुतेक मोठ्या संगणकांवर युनिक्स नांवाची किंवा तिच्या वळणाची व्यवस्था चालते. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद लोटले, एवढेंच ती मोजते. हा आरंभ ज्या वेळेनें धरतात तिला यूटीसी म्हणतात. व्यवहारांत ती ग्रीनिचच्या वेळेची वारस होय. तिच्या नांवाचीही गंमत आहे. इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें एका क्रमानें येत होतीं, फ्रेंच शब्दांचीं दुसऱ्या. तेव्हां कोणत्याच भाषेचा क्रम न धरतां तिसराच क्रम पत्करला गेला. पॅरिसच्या १९११ मधील मानीपणाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

हा सेकंदांचा आंकडा पुण्यांत, लंडनमध्यें आणि न्यूयॉर्कमध्यें एकच असतो. टायटॅनिकच्या रात्रीं जें हवें होतें तें हेंच : सर्वांची सामाईक नोंद. परंतु दहा आंकडी सेकंद वाचून कोणाला कांहीं कळत नाहीं. माणसासाठीं त्याची तारीख व वेळ करावी लागते, आणि ती करतांच जुना प्रश्न उभा राहतो : कोणत्या गांवची ?

ह्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत आर्थर डेव्हिड ओल्सन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं जगांतील घड्याळांची एक यादी करण्यास आरंभ केला. पुढें पॉल एगर्ट यांनीं ती सांभाळली. कोणत्या प्रदेशानें आपलें घड्याळ कधीं व किती पुढेंमागें केलें, हें तींत लिहिलेलें असतें. यादींतील नांवें देशांचीं नसून खंड व शहर अशीं आहेत, कारण देश फुटतात व नव्यानें होतात, शहरें त्यांहून टिकाऊ. भारतासाठीं तींत 'एशिया/कोलकाता' हें नांव आहे. २००८ पर्यंत तें 'एशिया/कॅलकटा' असें होतें; तें जुनें नांव अजूनही चालतें. मुंबई-पुण्याच्या माणसाला संगणकावर घड्याळ लावतांना कोलकात्याचें नांव निवडावें लागतें, ह्याचें कारण हें. त्यांत मुंबईचा उपमर्द नाहीं. प्रदेशांतील मोठ्या शहराचें नांव घ्यावें, अशी त्या यादीची रीत आहे. वर सांगितलेला युद्धकाळांतील एक तासही तिच्यांत नोंदलेला आहे. मात्र १९७० नंतर ज्यांचीं घड्याळें वेगवेगळीं चाललीं त्याच प्रदेशांना ती स्वतंत्र स्थान देते. म्हणून 'मुंबई टाईम'ला तिच्यांत वेगळें घर मिळालेलें नाहीं.

आतां त्या आलेखांकडे जाऊं. हल्लीं बँकेचे, तिकिटांचे, दुकानांचे संगणक पुष्कळदां त्या संस्थेच्या इमारतींत नसतात. ते दूरच्या मोठ्या यंत्रगृहांत भाड्यानें घेतलेले असतात; ह्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. अ‍ॅमेझॉन कंपनीचीं अशीं यंत्रगृहें २०१६ पासून मुंबईंतही आहेत. यंत्र दिसत नाहीं, म्हणून त्याची नाडी पाहावयास दुसरें सॉफ्टवेअर लागतें. तें दर मिनिटाला मोजमाप घेतें : काम किती झालें, उशीर किती लागला, चुका किती झाल्या. त्याचा आलेख पडद्यावर उमटतो आणि आलेखाला लेबल असतें. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच नांवाच्या सॉफ्टवेअरमध्यें तर सर्वांत मोठा आंकडा कोणता व तो केव्हां आला, हें लेबलावर आपोआप लिहिण्याची सोय आहे.

हें 'केव्हां' कोणत्या घड्याळानें ? कांहीं सांगितलें नाहीं तर यूटीसीनें. यंत्र मुंबईंत असो, वाचणारा मुंबईंत असो, तरी लेबल ग्रीनिचचें. माझे कांहीं जुने विद्यार्थी अशा कामांत आहेत; हा घोटाळा नव्या माणसाला हमखास भोंवतो असें ते सांगतात. समजा, लेबलावर लिहिलें आहे, '३ मार्च, २०-१०'. त्याच तारखेला रात्रीं आठ वाजून दहा मिनिटांनीं एका तरुणानें यंत्रांत कांहीं फेरबदल केला होता, आणि त्यानें तो वहींत आपल्या घड्याळानें टिपून ठेवला होता. दोन्ही आंकडे जुळले. वरिष्ठांनीं ठरविलें कीं, बिघाड ह्यानेंच केला. प्रत्यक्षांत यूटीसीचे २०-१० म्हणजे आपल्याकडे ४ मार्चच्या मध्यरात्रीनंतर १-४०. दोन गोष्टींत साडेपांच तासांचें अंतर, आणि तारीखही निराळी ! डॉर्चेस्टरच्या प्रतिवादीसारखाच हा मुलगाही नांव नसलेल्या आंकड्यामुळें दोषी ठरतो. आणि खरें कारण तसेंच राहून पुढच्या रात्रीं पुन्हां उभें राहतें.

ह्यावर उपाय त्या सॉफ्टवेअरमध्येंच आहे. लेबलांपुरता कालविभाग सांगतां येतो. पुढें किंवा मागें हें दाखविणारें एक चिन्ह आणि चार आंकडे, दोन तासांचे व दोन मिनिटांचे : भारतासाठीं '+०५३०'. एवढें लिहिलें कीं, नोंद यूटीसींतच राहते आणि लेबल आपल्या घड्याळानें बोलूं लागतें. दुसऱ्या कांहीं सॉफ्टवेअरांत, उदाहरणार्थ ग्राफाना नांवाच्या आलेखपटांत, असा आंकडा न देतां वर सांगितलेल्या यादींतील शहराचें नांव निवडतां येतें.

आंकडा आणि नांव यांतील हा भेद बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे. भारताचें घड्याळ ऋतूप्रमाणें पुढेंमागें होत नाहीं, म्हणून आपणांस '+०५३०' पुरतें. लंडनचें तसें नाहीं. तेथें मार्चच्या शेवटच्या रविवारीं घड्याळ एक तास पुढें नेतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं मागें आणतात. लंडनच्या कचेरीसाठीं '+००००' लिहून ठेवलें, तर अर्धें वर्ष लेबल तासभर चुकीचें दाखवील, आणि आंकड्याला स्वतःहून तें कधींच कळणार नाहीं. शहराचें नांव दिलें असेल, तर यादी पाहून फरक आपोआप केला जातो. त्यांतही ऑक्टोबरच्या त्या रविवारीं पहाटेचा दीड लंडनमध्यें दोनदां वाजतो. 'दीड वाजतां यंत्र बंद पडलें' म्हटलें, तर पहिल्या दीडला कीं दुसऱ्या ? म्हणून अशा लेबलावर वेळेच्या शेजारीं यूटीसीपासूनचें अंतरही छापलेलें असावें.

संक्षिप्त अक्षरांवर मात्र विसंबूं नये. 'आयएसटी' हीं तीन अक्षरें आपण भारतीय वेळेसाठीं वापरतों. आयर्लंड व इस्रायल येथील लोक तींच अक्षरें आपापल्या वेळेसाठीं वापरतात. 'सीएसटी' म्हटलें तर एकाला चीन आठवतो, दुसऱ्याला अमेरिकेचा मध्यभाग. लग्नपत्रिकेवरील 'स्टँ. टा.' पुरेसें होतें, कारण ती गांवांत किंवा पंचक्रोशींत जाई. आजचा आलेख एकाच वेळीं पुण्यांत, डब्लिनमध्यें आणि शिकागोमध्यें पाहिला जातो.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग सर्वांनीं यूटीसीनेंच बोलावें, भांडणच नको." जेथें अनेक देशांचीं माणसें एकाच पडद्यापुढें बसून एकच बिघाड शोधतात, तेथें हें म्हणणें योग्यच आहे, तेथें लेबलही यूटीसीचेंच असावें, आणि तसें त्यावर स्पष्ट लिहावें. परंतु सर्वत्र हाच नियम करणें म्हणजे १८८१ चा हुकूम पुन्हां काढणें होय. जो मनुष्य रात्रीं दोन वाजतां झोपेंतून उठून पडद्याकडे पाहतो, त्याला मनांतल्या मनांत साडेपांच तासांची बेरीज करावयास लावणें शहाणपणाचें नाहीं. बेरीज सोपी आहे. चूक होते ती झोपेमुळें आणि घाईमुळें.

मुंबईच्या त्या वादाकडे आज पाहिलें म्हणजे वाटतें कीं, दोन्ही पक्षांचें कांहीं खरें होतें. सरकारला सबंध देशाच्या कारभारासाठीं एक वेळ हवी होती, आणि आगगाड्यांची टक्कर टाळावयाची तर ती हवीच होती. गिरणींतील मजुराला आपल्या उजेडाशीं जुळणारी वेळ हवी होती, आणि त्याचा दिवस त्याचा होता. एका तबकडीवर एकच वेळ दाखवितां येते, म्हणून तबकडी कोणाची यावर भांडण झालें. संगणकानें ही अडचण दूर केली आहे. नोंद एका सामाईक वेळेंत ठेवून ती ज्याच्या त्याच्या घड्याळानें दाखविणें आतां क्षणाचें काम आहे. ब्रिस्टलच्या दोन कांट्यांच्या जागीं हवे तितके कांटे बसवितां येतात. ही सोय असतांना कोणा एका गांवचें घड्याळ सर्वांवर लादण्याचें कारण उरलेलें नाहीं, आणि घड्याळाचें नांव लपविण्याचें तर मुळींच नाहीं.

म्हणून हें काम करणाऱ्या तरुणांना माझें सांगणें थोडकें आहे. नोंद यूटीसींत ठेवा. लेबल वाचणाराच्या घड्याळानें लावा; आणि जेथें घड्याळें ऋतूप्रमाणें पुढेंमागें होतात, तेथें नुसता आंकडा न देतां शहराचें नांव द्या. शेवटीं, लेबल कोणत्याही घड्याळाचें असो, तें कोणत्या गांवचें हें त्यावर छापल्यावांचून तें कोणाच्या हातीं देऊं नका. पंचांगकर्त्यांनीं आपल्या पुस्तकावर गांव लिहिण्याची जी शिस्त शेंकडों वर्षें पाळली, तीच ही शिस्त आहे. ती पाळली तर रात्रीं दोन वाजतां एखादा निरपराध मनुष्य दोषी ठरणार नाहीं, आणि बिघाडाचें खरें कारण वेळेवर सांपडेल.